गल्लीतला उकंडा कायमचा कसा बंद करायचा

मोकळ्या प्लॉटवर, नाल्याच्या काठाला, डीपीखाली किंवा शाळेच्या मागच्या भिंतीला लागून साचलेला ढीग महापालिका उचलते आणि चौथ्या दिवशी तो पुन्हा तिथंच दिसतो. मग एकमेकांना शिस्तीवरून बोल लावणं सुरू होतं. प्रत्यक्षात असा ढीग बहुतेक वेळा वेळापत्रकातल्या एखाद्या भोकातून तयार होतो. कुणाची तरी घंटागाडी चुकते, कुणाच्या गल्लीत गाडी शिरतच नाही, कुणाच्या धंद्याचा कचरा नेणारी गाडीच ठरलेली नसते. ते भोक बुजवलं नाही तर जेसीबी कितीही वेळा आणा, उकंडा हटत नाही. म्हणून या मार्गदर्शिकेत उचलण्यापेक्षा उचलण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामावर जास्त भर आहे. ती मराठवाड्यातल्या महापालिका आणि नगरपरिषदांच्या शहरांसाठी आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत काय वेगळं करायचं तेही पुढे येईल.

आधी ढीग वाचा

तक्रार करण्याआधी सात दिवस फक्त बघा. दिवसातून तीन वेळा पुरेशा आहेत: पहाटे साडेपाच ते साडेसात, दुपारी एक ते दोन, रात्री नऊ ते अकरा. एका वहीत तारीख, वेळ, काय पडलं, कशावरून आणलं (पायी, दुचाकी, हातगाडी, छोटा हत्ती, ट्रॅक्टर) एवढंच लिहा. सातही दिवस हवेत, कारण आठवडी बाजाराचा दिवस, रविवार आणि नळाला पाणी येण्याचा दिवस यांत फरक पडतो.

पाण्याचा दिवस मुद्दाम तपासा. आपल्याकडच्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं. ज्या सकाळी पाणी येतं त्या सकाळी घरातलं प्रत्येक माणूस मोटार, टाकी आणि हंडे यांत गुंतलेलं असतं. नेमकी तेव्हाच घंटागाडी वाजत निघून जाते. बादली भरलेली राहते, आणि कामावर जाताना ती पिशवी दुचाकीच्या हँडलला अडकून कोपऱ्यावर येते. वहीत पाण्याच्या दिवशी पिशव्या वाढलेल्या दिसल्या, तर दंडाच्या पावत्यांनी हा प्रश्न सुटणार नाही. त्या दिवशी गाडीची वेळ तासभर पुढं सरकवून घेणं हाच त्यावरचा इलाज आहे.

ढिगात काय आहे त्यावरून टाकणारा कळतो. भाजीची सालं आणि डायपर असलेल्या छोट्या काळ्या पिशव्या घरांतून येतात. पत्रावळ्या, द्रोण, पाण्याचे रिकामे ग्लास आणि भाताचा आंबट वास असेल तर जवळच मंगल कार्यालय किंवा केटरर्स आहे. कोंबडीची पिसं, केसांचे पुंजके, चिंध्या, उसाचं चिपाड, नारळाच्या शेंड्या यांपैकी प्रत्येकामागे एक दुकान असतं आणि बहुतेक वेळा ते दोन-तीनशे मीटरच्या आत सापडतं. विटांचे तुकडे, फरशीच्या चिपा आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असतील तर आसपास कुठल्या घराचं काम चालू आहे ते पाहा. पिशव्या हातानं उघडू नका. आत ब्लेड, सुया, फुटकी काच असते. काठीनं सरकवून वरवर दिसेल तेवढंच पाहायचं.

गुंठेवारीच्या वस्त्यांत आणखी एक गोष्ट मोजा: गल्लीची मोकळी रुंदी. कागदावर गल्ली दहा फुटांची असते, पण दोन्हीकडं दुचाक्या लागल्या, पायऱ्या आणि मोऱ्या पुढं आल्या की मधे सहा फूटही उरत नाहीत. चालक तिथं गाडी घालत नाही, तोंडाशी उभा राहून हॉर्न वाजवतो. मागच्या घरातल्या म्हातारीला दीडशे मीटर चालत येणं जमत नाही. अशा ठिकाणी ढकलगाडीवाला कर्मचारी मागायचा, मोठी गाडी मागून उपयोग नाही.

आता मोजमाप. तक्रारीत ‘खूप कचरा’ लिहिलं की एक छोटी गाडी येते, निम्मा कचरा नेते आणि तक्रार बंद होते. ढिगाची लांबी आणि रुंदी फुटांत मोजा, सर्वांत उंच जागेची उंची घ्या आणि तिच्या निम्मी सरासरी उंची धरा. 20 फूट लांब, 10 फूट रुंद आणि मधोमध 3 फूट उंच ढीग म्हणजे 20 × 10 × 1.5, एकूण 300 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे हा 3 ब्रासचा ढीग झाला. मिश्र घरगुती कचरा असेल तर त्याचं वजन साधारण साडेतीन ते चार टन भरतं आणि पाऊण टनाच्या घंटागाडीला पाच-सहा खेपा लागतात. तेवढाच राडारोडा असेल तर वजन दहा टनांच्या वर जातं, तिथं टिपर आणि जेसीबीच हवा. हे आकडे अर्जात असले की स्वच्छता निरीक्षकालाही वाहन मागायला आधार मिळतो.

जागा कुणाची, हद्द कुणाची

तक्रारी सर्वांत जास्त इथं अडकतात. महापालिका म्हणते जागा खासगी आहे, प्लॉटमालक पुण्याला असतो, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघतो आणि पलीकडची बाजू ग्रामपंचायतीची. शहराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर, जिथं हद्द बदलते तिथं, ढिगांची रांग लागते ती यामुळंच. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज भागात तर एका बाजूला एमआयडीसी आणि दुसऱ्या बाजूला रांजणगाव, जोगेश्वरी या ग्रामपंचायती आहेत.

म्हणून अर्जाआधी जागेचा कागद काढा. गट नंबर माहीत असेल तर महाभूलेखवर सातबारा दिसतो, महाभूनकाशावर गटाच्या सीमा दिसतात. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका मिळते. मंजूर लेआउटमधली मोकळी जागा असेल तर नगररचना विभागात लेआउटचा नकाशा असतो. रस्ता कुणाकडं आहे ते बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडं कळतं.

जागा खासगी असली तरी महापालिकेला किंवा नगरपरिषदेला हात झटकता येत नाहीत. मालकाला जागा साफ करून कुंपण घालण्याची नोटीस द्यायची, त्यानं केलं नाही तर स्वतः साफ करून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा, हा मार्ग त्यांच्याकडं आहे. तुमचं काम एवढंच की मालकाचं नाव आणि गट नंबर कागदासह त्यांच्या टेबलावर ठेवायचं. मालक शोधण्यात फाइल महिनोन् महिने पडून राहते.

हद्द खरंच दोन यंत्रणांत विभागलेली असेल तर अर्ज दोघांनाही द्या आणि प्रत्येक अर्जात दुसऱ्याला दिलेल्या अर्जाचा आवक क्रमांक लिहा. छत्रपती संभाजीनगरातल्या खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम पुढं सरकलं त्यात महापालिका आणि छावणी परिषद (लष्करी छावणीचा कारभार पाहणारी संस्था) एकत्र आल्या याचा मोठा वाटा आहे. पाणी आणि कचरा दोन्ही हद्द बघून वाहत नाहीत.

तक्रार अशी करा की ती परत मागं येणार नाही

फोटो तीन कोनांतून, रोज त्याच जागेवरून. फोटोवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश छापणारं जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप वापरा आणि चौकटीत एखादी ओळखीची खूण येऊ द्या: विजेच्या खांबाचा नंबर, दुकानाची पाटी, शाळेचं फाटक. मूळ फाइल फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतली आतली माहिती गळून जाते, पुढं कुठं पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर मूळ फाइलच कामी येते. कचरा टाकणाऱ्या गाडीचा नंबर टिपा, पण माणसाचा चेहरा गल्लीच्या ग्रुपवर फिरवू नका. त्यातून भांडण होतं, पोलीस ठाण्यात उलटी तक्रार जाते आणि ढीग जागेवरच राहतो.

पहिली तक्रार केंद्र सरकारच्या स्वच्छता ॲपवर करा. तिथं फोटो आणि ठिकाण थेट जोडलं जातं आणि तिची नोंद स्वच्छ सर्वेक्षणाच्या व्यवस्थेत होते, म्हणून ती उघडी राहू नये याची काळजी कार्यालयातही घेतली जाते. अडचण अशी की ती लवकर ‘निकाली’ निघते. वरचा थर उचलून फोटो टाकला जातो. तसं झालं तर ‘असमाधानी’ नोंदवून त्याच दिवसाचा फोटो पुन्हा द्या.

ॲप हे उचलण्यासाठी. बंद करण्यासाठी कागदी अर्ज लागतो आणि तो प्रभाग किंवा झोन कार्यालयात आवक-जावक टेबलावरच द्यावा लागतो. स्वच्छता जवानाच्या (पालिकेचा सफाईवर देखरेख करणारा कर्मचारी) किंवा मुकादमाच्या हातात दिलेला अर्ज हरवतो. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मजकूर असा ठेवता येईल:

प्रति, सहायक आयुक्त / मुख्याधिकारी, … 
विषय: … येथे वारंवार कचरा पडणारी जागा कायमस्वरूपी बंद करणेबाबत.
महोदय, वरील ठिकाणी (गट / सिटी सर्व्हे क्र. …, खांब क्र. …) अंदाजे … ब्रास कचरा साचलेला आहे. दि. … ते दि. … या सात दिवसांची नोंद व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. नोंदीनुसार कचरा मुख्यतः … येथून … वाजता येतो. आमची विनंती: 1) ढीग मुळापासून उचलून जमीन खरवडून समतल करावी. 2) … गल्लीतील घंटागाडीची वेळ … ऐवजी … करावी किंवा ढकलगाडी द्यावी. 3) … या आस्थापनांना स्वतंत्र संकलनाबाबत लेखी सूचना द्यावी. 4) खांब क्र. … वरील दिवा सुरू करावा. 5) उचलल्यानंतर 21 दिवस सकाळी व रात्री पथकाची फेरी ठेवावी. केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी.

खाली किमान दहा-पंधरा घरांच्या सह्या घ्या, त्यात बायकांच्या सह्या जरूर असू द्या. गाडी चुकते म्हणजे नेमकं काय होतं ते सांगणाऱ्या त्याच असतात. महापालिकेच्या कागदपत्रांत अशा जागेला जीव्हीपी (गार्बेज व्हल्नरेबल पॉइंट, म्हणजे वारंवार कचरा पडणारी जागा) म्हणतात. तुमचा कोपरा त्या यादीत आहे का ते निरीक्षकाला विचारा. यादीत नसेल तर त्याच अर्जानं तो घालून घ्या, कारण सुशोभीकरणाचं काम यादीतल्या जागांचंच आधी निघतं.

नियमांचा आधार द्यायचा असेल तर थोडक्यात द्या. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात कचरा टाकणं, जाळणं, पुरणं यांना मनाई आहे आणि घरातच वर्गीकरण बंधनकारक आहे. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ते चार भागांत करायचं आहे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (बल्ब, औषधं, रंगाचे डबे असा). दिवसाला 100 किलो किंवा जास्त कचरा करणारं हॉटेल, मंगल कार्यालय, वसतिगृह हे मोठे कचरा उत्पादक ठरतात, त्यांच्यावर वेगळी जबाबदारी येते. 100 पेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी घ्यायचा तर तीन कामकाजी दिवस आधी पालिकेला कळवायचं, ही अटही 2016 च्या नियमांतली. लगीनसराईत मोकळ्या मैदानावर मांडव पडला की ही अट मांडववाल्याला आधीच दाखवा. जेवणावळीनंतर सांगून काही होत नाही.

उचलण्याचा दिवस

तारीख निरीक्षकाशी बोलून ठरवा. पाण्याचा आणि बाजाराचा दिवस टाळा, आणि त्या दिवसाच्या आधी घंटागाडीची नवी वेळ सुरू झालेली असू द्या. क्रम उलटा झाला की जागा साफ होते आणि दुसऱ्या सकाळी लोकांकडं पुन्हा तीच पिशवी असते. शहरं कुंडीमुक्त करताना हीच चूक वारंवार झाली: कुंडी गेली, गाडीची वेळ तीच राहिली आणि कुंडीच्या जागी उघडा ढीग आला.

आदल्या दिवशी त्या ढिगावर रोज येणाऱ्या कचरावेचकांशी बोला. त्यांचं पोट त्यावर आहे. सुका कचरा घरूनच वेगळा मिळेल अशी सोय त्यांना करून दिली तर त्या कोपऱ्याच्या सर्वांत पक्क्या राखणदार होतात. हाकलून दिलं तर पिशव्या फोडण्याचं काम दुसरीकडं सुरू होतं.

ढीग उचलताना सुका माल शक्य तेवढा वेगळा काढायला सांगा. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या परिसरातल्या गावकऱ्यांनी तिथल्या कचरा डेपोकडं जाणाऱ्या गाड्या अडवल्या आणि तेव्हाच्या औरंगाबादेत कचरा रस्त्यावर साचला. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथं प्रक्रियेची कामं उभी राहिली. लातूरला वरवंटी, नांदेडला तुप्पा या गावांच्या नावानं डेपो ओळखले जातात. आपल्या कोपऱ्यावरून मिश्र उचललेला कचरा कुणाच्या तरी शिवाराजवळच जाऊन पडतो, हे ध्यानात ठेवून तेवढी मेहनत घ्यावी.

वरचा कचरा गेला की थांबू नका. जुन्या ढिगाखालची चार ते सहा इंच माती कचऱ्याचं पाणी पिऊन काळी, चिकट झालेली असते. ती राहिली की वासावर कुत्री आणि जनावरं येतात, जनावरं आली की लोकांना ती जागा कचऱ्याचीच वाटते. जेसीबीच्या बकेटनं कडक थर लागेपर्यंत खरवडून घ्या. मग चुना टाका. ब्लीचिंग पावडर टाकत असाल तर संडास साफ करायचं ॲसिड त्याच्या जवळपासही आणू नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि छातीला त्रास होतो.

खोलगट भागात पाणी साचू द्यायचं नाही. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून गटाराकडं उतार द्या, दर 10 फुटांना साधारण अडीच इंच. पेव्हर बसवायचे असतील तर काळ्या मातीवर थेट बसवू नका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या वर्षातच पेव्हर उचलले जातात आणि उखडलेल्या खड्ड्यात पुन्हा पिशव्या पडतात. नऊ इंच ते फूटभर माती काढून सहा ते नऊ इंच मुरूम दोन थरांत दाबून घ्यायचा, त्यावर दोन इंच कच (दगडाचा बारीक चुरा), मग पेव्हर, आणि कडेला कर्बस्टोन. ठेकेदार मुरमाचा थर वाचवतो, म्हणून काम चालू असताना पट्टी लावून जाडी बघा. पेव्हर बसल्यावर काही दिसत नाही.

पुढचे 21 दिवस

सगळं यश याच दिवसांत ठरतं. साफ जागेवर पडलेली पहिली पिशवी तासाभराच्या आत उचलली गेली पाहिजे. ती रात्रभर राहिली की सकाळी तिच्या शेजारी सहा असतात. सकाळी साडेपाच ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा या वेळांत आळीपाळीनं दोघं-दोघं थांबा. तरुण पोरांना एकट्यानं उभं करू नका. एक ज्येष्ठ माणूस आणि एक बाई अशी जोडी असली की आवाज चढत नाही. कुणी पिशवी घेऊन आलं तर अडवून दरडावायचं नाही. ‘काका, गाडी आता साडेआठला येते, तोवर पिशवी घरी ठेवा, नाहीतर आमच्याकडं द्या,’ एवढं पुरतं. पिशवी खरंच घ्यायची आणि गाडीत टाकायची.

दंड करण्याचा अधिकार नागरिकांना नाही, तो पालिकेच्या पथकाचा आहे. छत्रपती संभाजीनगरात माजी सैनिकांचं नागरी मित्र पथक हे काम करतं, इतरत्र निरीक्षक आणि स्वच्छता जवान करतात. त्यांना वहीतल्या वेळा द्या, म्हणजे ते नेमके तेव्हाच येतील. दंड घरगुती पिशवीवाल्यापेक्षा आधी गाडी भरून आणणाऱ्यावर व्हावा यासाठी आग्रह धरा. एका टेम्पोनं टाकलेल्या मालात पन्नास घरांचा कचरा मावतो.

‘येथे कचरा टाकू नये’ एवढीच पाटी निरुपयोगी असते, कारण मग टाकायचा कुठं ते ती सांगत नाही. पाटीवर गाडीची वेळ, गाडी कुठं थांबते आणि तक्रारीसाठी पालिकेचा क्रमांक लिहा. भिंतीला देवादिकांच्या फरश्या लावू नका. ढीग दहा फूट सरकतो आणि पुढं फरशी फुटली तर नसता वाद उभा राहतो. सीसीटीव्हीच्या आधी दिवा लावून घ्या. अंधारात गाडीच्या हेडलाइटच्या झोतानं नंबर प्लेट पांढरी दिसते, रेकॉर्डिंग असूनही काही वाचता येत नाही.

राडारोडा, सुया आणि आग

राडारोड्याचं गणित वेगळं आहे. तो बहुतेक रात्री किंवा पहाटे ट्रॅक्टरनं येतो आणि एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो. मुळाशी घरमालक नसतो, राडारोडा नेण्याचं काम उक्तं घेतलेला ट्रॉलीवाला असतो. लांब टाकायला डिझेल जातं, म्हणून तो सर्वांत जवळची अंधारी जागा गाठतो. गल्लीत बांधकाम निघालं की मालकाला आधीच सांगा: राडारोडा स्वतःच्या हद्दीत ठेवायचा, पालिकेच्या ठरलेल्या जागीच पाठवायचा, आणि ट्रॉलीवाल्याचे पैसे जागेवर उतरवल्याचा फोटो पाहूनच द्यायचे. ट्रॉली आत येऊ नये म्हणून तोंडाशी सिमेंटचे ठोकळे चार फुटांच्या अंतरावर बसवा. दुचाकी आणि माणूस जातो, ट्रॅक्टर अडतो. अग्निशमन गाडीचा रस्ता मात्र त्यानं बंद होणार नाही ना ते पाहून घ्या.

सलाईनच्या बाटल्या, सुया, रक्ताळलेला कापूस दिसला तर कुणालाही हात लावू देऊ नका. फोटो काढा आणि त्याच दिवशी पालिकेच्या आरोग्य विभागाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम वेगळे आहेत, पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी आणि पिशवीवर बारकोड लागतो. पिशवीवर बारकोड दिसत असेल तर तो फोटोत स्पष्ट घ्या, त्यावरून दवाखाना शोधता येतो.

उन्हाळ्यात ढीग पेटवून ‘कमी’ करण्याची सवय सर्वांत घातक आहे. प्लास्टिकचा धूर घरांत शिरतो, वरच्या वायरी वितळतात आणि आतून धुमसणारा ढीग दोन-दोन दिवस विझत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. जाळणारा सफाई कर्मचारी असेल तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला गाडी मिळालेली नसते. वरच्या अधिकाऱ्याला लिहा.

पाऊस सुरू झाला की ढिगातले कप, करवंट्या, टायर यांत डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून ढीग उचलायला उशीर होणारच असेल तर निदान दर सात दिवसांनी ही पाणी धरणारी भांडी पालथी करा.

यंत्रणा हललीच नाही तर

अर्जाला पंधरा दिवस झाले आणि काही झालं नाही तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवा, आवक क्रमांक टाका. तिथं 21 कामकाजी दिवसांची मुदत आहे. त्याच वेळी माहिती अधिकाराचा अर्ज द्या. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘कारवाई का केली नाही’ असा प्रश्न विचारला तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. कागद मागा: दि. … ते दि. … या काळात अमुक मार्गावरील घंटागाडीच्या लॉगबुकची प्रत, वारंवार कचरा पडणाऱ्या जागांची यादी, आवक क्र. … वरील टिपणी, आणि अमुक गट नंबरच्या मालकाला दिलेल्या नोटिसांच्या प्रती. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. गाडी त्या गल्लीत शिरतच नाही हे बहुधा लॉगबुकच्या प्रतीवरूनच सिद्ध होतं.

जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज दोन प्रतींत पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, त्या दिवशी नुसतं जाऊन उपयोग नाही.

याहून पुढचा मार्ग म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश उपविभागीय दंडाधिकारी काढू शकतात, आणि तो पालिकेविरुद्धही निघू शकतो. 1980 मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पैसे नाहीत हे कारण पालिकेला सांगता येणार नाही असं स्पष्ट केलं. या अर्जाला वकील लागतोच असं नाही, पण सात दिवसांची वही, मूळ फोटो, आवक क्रमांक आणि माहिती अधिकारातले कागद मात्र लागतात. तोवर ते तुमच्याकडं जमलेले असतात.

ग्रामपंचायत असेल तर सरपंचाला तोंडी सांगण्यासोबत ग्रामसभेत ठराव मांडून इतिवृत्तात लिहून घ्या आणि प्रत गटविकास अधिकाऱ्याला पाठवा. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग स्वच्छता आणि पाणी यांसाठी बांधलेला होता. त्यातून कचऱ्याची गाडी, खतखड्डे यांवर काय खर्च झाला ते ग्रामसभेतच विचारता येतं.

जागेचं काय करायचं

रिकामी, साफ जागा फार दिवस रिकामी राहत नाही. तिचा रोजचा वापर सुरू झाला पाहिजे. सकाळी भाजीची एक हातगाडी, ज्येष्ठांसाठी दोन बाकडी, रिक्षा थांबा, पोरांचा कॅरमचा टेबल, काहीही चालेल, फक्त कचरा पडायच्या त्याच वेळी तिथं माणूस हवा. हिरवळ लावू नका, आपल्याकडं पिण्याच्या पाण्याची ओढ असताना ती एप्रिलपर्यंत वाळते आणि वाळलेली बाग पुन्हा उकंडा होते. कडुनिंब, करंज लावा, जून-जुलैत, दोन फूट खड्डा घेऊन, ट्रीगार्डसह. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्या घरांची नावं रोपं आणण्याआधी लिहून काढा. वड-पिंपळ भिंतीपासून आणि गटारापासून लांबच बरे.

महिन्यानं आणि मग पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या जागेच्या भोवती दोनशे मीटरचा फेरफटका मारा. ढीग बंद झाला असं वाटतं तेव्हा काही वेळा तो पुढच्या नाल्यावर गेलेला असतो. तिथं नवा ढीग दिसला तर तो तीन फूट उंच होण्याची वाट पाहू नका. पिशव्या चार-पाच असतानाच वही काढा आणि जुन्या अर्जाचा आवक क्रमांक टाकून नवा अर्ज द्या.